जेडाय, क्रमांक ८९६ आणि धर्माचा रकाना

फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २००१ च्या जनगणनेतला एक आकडा जाहीर केला. इंग्लंड आणि वेल्स मिळून ३,९०,१२७ लोकांनी 'तुमचा धर्म कोणता?' या प्रश्नापुढे 'जेडाय' असे लिहून दिले होते. त्याच जनगणनेत शिखांची संख्या ३,२९,३५८ भरली, ज्यूंची २,५९,९२७ आणि बौद्धांची १,४४,४५३. म्हणजे लिहिलेले उत्तर जसेच्या तसे स्वीकारायचे ठरवले, तर ख्रिस्ती, मुस्लिम आणि हिंदू यांच्यानंतर इंग्लंड-वेल्समधला चौथा मोठा धर्म एका चित्रपटातून निघालेला होता.

'स्टार वॉर्स' ही चित्रपटमालिका १९७७ साली सुरू झाली. ती ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरे, की जेडाय हे त्यातले योद्धे-संन्यासी. चराचरात भरून राहिलेली 'फोर्स' नावाची एक शक्ती, तिच्याशी एकरूप होण्याची साधना, भय आणि क्रोध यांचा निग्रह, कडक गुरुशिष्यपरंपरा आणि हातात प्रकाशाची तलवार, असा एकूण संभार. भारतीय वाचकाला यात तलवारीखेरीज नवे वाटावे असे फारसे काही नाही.

वर्तमानपत्रांनी या बातमीचे चवीने स्वागत केले. थट्टा म्हणून ती चांगलीच होती. पण या थट्टेच्या आड एक गोष्ट झाकली गेली. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर जनगणनेच्या तक्त्यात प्रत्येक माणसाला त्याचा धर्म विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. आणि ज्या सरकारने घरी हा प्रश्न २००१ पर्यंत विचारला नाही, त्याच सरकारने हिंदुस्थानात तो १८७२ पासून दर खानेसुमारीला विचारला होता. जेडायांची गोष्ट या दोन टोकांमध्ये ठेवून वाचली तर ती निराळी दिसते.

आधी थट्टेचा कारखाना पाहू. २००१ च्या आरंभी न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन या देशांत एक ई-पत्र हातोहात फिरू लागले. येत्या जनगणनेत पुरेशा लोकांनी 'जेडाय' लिहिले, तर सरकारला तो अधिकृत धर्म म्हणून मान्य करावा लागेल, असे त्यात म्हटले होते. 'पुरेसे' म्हणजे किती, तर कुठे ८ हजार, कुठे १० हजार. असा कायदा या तिन्ही देशांत कुठेही नव्हता. डोकी मोजून धर्माला मान्यता द्यायची, अमुक आकड्याला दार उघडायचे, ही कल्पनाच मुळात पत्र लिहिणाऱ्याची. तरीही ती लोकांना पटली, किंवा पटली नाही तरी आवडली. आधुनिक राज्यसंस्थेबद्दलची एक खरी शंका त्या खोट्या वाक्यात होती: सरकारदरबारी धर्म 'असतो' तो सत्यामुळे असतो की संख्येमुळे?

तिन्ही देशांच्या सांख्यिकी खात्यांनी या शंकेला आपापल्या स्वभावाप्रमाणे उत्तर दिले. न्यूझीलंडमध्ये ५३,७१५ लोकांनी जेडाय लिहिले. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण सर्वांत मोठे, सुमारे दीड टक्का. तिथल्या खात्याने या उत्तरासाठी जो शेरा ठरवला तो सरकारी भाषेचा उत्कृष्ट नमुना आहे: उत्तर समजले, पण मोजले जाणार नाही. ऑस्ट्रेलियात ७० हजारांहून अधिक जेडाय निघाले. तिथल्या खात्याने आधीच बजावले होते, की तुमची खरोखर तशी श्रद्धा असेल तर खुशाल लिहा. पण एरवी तुम्ही अँग्लिकन किंवा ज्यू किंवा बौद्ध म्हणवत असाल आणि केवळ गंमत म्हणून हे लिहिणार असाल, तर त्या त्या समाजासाठी होणाऱ्या नियोजनात तेवढी माणसे कमी दिसतील. खोट्या माहितीबद्दलच्या दंडाचीही आठवण करून दिली होती. ब्रिटनने मात्र हसून घेतले. लिहिलेल्या उत्तरांच्या संकेतसूचीत त्याने जेडायांना ८९६ हा क्रमांक दिला, आणि आकडे जाहीर करताना असेही सांगितले, की या मोहिमेमुळे विशी-पंचविशीतल्या, एरवी तक्ते न भरणाऱ्या तरुणांनी या वेळी ते भरले असण्याचा संभव आहे. जेडायांचे प्रमाण सर्वाधिक होते ते ब्रायटनमध्ये, २.६ टक्के.

या ८९६ ने बराच घोटाळा केला. क्रमांक मिळाला म्हणजे मान्यता मिळाली, अशी वार्ता पसरली. वास्तविक अशा सूचीचा अर्थ कारकुनी आहे. लाखो लोकांनी हाताने लिहिलेली उत्तरे यंत्राला कळावीत म्हणून जे जे येण्याचा संभव आहे त्या प्रत्येकाला एक आकडा द्यायचा, इतकेच. टपालाच्या पिशवीवर गावाचे नाव लिहिल्याने गावाला नगरपालिका मिळत नाही. अंतिम तक्त्यात तर या सगळ्या जेडायांची रवानगी 'धर्म नाही' या रकान्यात झाली. त्या रकान्यातले ७७ लाख ९ हजार लोक हे जेडायांसह मोजलेले आहेत.

आता गंमत अशी, की 'धर्म नाही' हा पर्याय तक्त्यावर छापलेलाच होता, आणि तोही सर्वांत वर. ज्याला धर्म नाही असे सांगायचे होते त्याला एक खूण पुरेशी होती. मग हे जवळजवळ चार लाख लोक ती चौकट ओलांडून, ख्रिस्ती-बौद्ध-हिंदू-ज्यू-मुस्लिम-शीख या सगळ्या ओळी ओलांडून, तळाशी 'अन्य' असे लिहिलेल्या जागी का गेले? त्यांतल्या बहुतेकांना प्रश्नाचे उत्तर द्यायचे नव्हते. प्रश्न विचारणाऱ्याला काही सुनवायचे होते. 'नाही' ही खूण मुकी असते. ती कंटाळ्याने केली, विचारांती केली की बंडखोरीने केली, हे तिच्यावरून समजत नाही. 'जेडाय' या शब्दात मात्र 'हा प्रश्न तुम्ही मला विचारताच कसे?' हे ऐकू येते. अर्थात निव्वळ मौज म्हणून लिहिणारे विद्यार्थी पुष्कळ असतील, आणि अगदी थोडे असेही असतील ज्यांनी ते मनापासून लिहिले. तक्ता या तिघांत फरक करू शकत नाही. करायचाही नसतो त्याला.

आणि हा प्रश्न विचारूच नये असे म्हणणारे लोक त्या देशात पूर्वीही होते. ते मात्र नास्तिक नव्हते, उलट फार धार्मिक होते.

१८५१ साली इंग्लंड-वेल्समध्ये जनगणनेबरोबर उपासनेचीही गणना झाली. ३० मार्च १८५१ हा रविवार त्यासाठी ठरला. माणसांना धर्म विचारायचा नाही. प्रत्येक प्रार्थनास्थळाच्या प्रमुखाला कागद पाठवायचा आणि त्या दिवशी सकाळी, दुपारी, संध्याकाळी किती जण आले ते लिहून मागायचे, अशी योजना होती. कागद भरणे कायद्याने सक्तीचे नव्हते. २००१ मध्येही नेमका हाच प्रश्न ऐच्छिक होता, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. होरेस मान या अधिकाऱ्याने अहवाल लिहिला आणि १८५४ साली तो प्रसिद्ध होताच खळबळ उडाली. एक तर असे दिसले, की जाऊ शकणाऱ्यांपैकी पन्नास लाखांहून अधिक लोक त्या रविवारी कुठल्याच प्रार्थनेला गेले नव्हते. दुसरे, आणि राजकीयदृष्ट्या अधिक झोंबणारे, असे की राजमान्य इंग्लंडच्या चर्चची उपस्थिती आणि बाकी सर्व पंथांची मिळून उपस्थिती जवळजवळ बरोबरीत आली. जे चर्च स्वतःला राष्ट्राचे चर्च म्हणवत होते, त्याच्या दारात राष्ट्र अर्धेच येत होते.

१८६१ ची जनगणना जवळ आली तेव्हा सरकारने पवित्रा बदलला. या वेळी उपस्थिती मोजायची नाही, प्रत्येकाला त्याचा पंथ विचारायचा. वरकरणी हे अधिक सरळ वाटते. पण मेथडिस्ट, बॅप्टिस्ट आदी स्वतंत्र पंथीयांनी याला कडाडून विरोध केला. त्यांचा युक्तिवाद असा: जो माणूस वर्षानुवर्षे चर्चची पायरी चढलेला नाही, तो दारात आलेल्या सरकारी माणसाला सांगणार काय? 'चर्च ऑफ इंग्लंड'. कारण ते सांगायला विचार करावा लागत नाही. म्हणजे प्रश्न बदलला की देशाचा धर्म बदलतो. विरोध इतका तीव्र झाला की १८६० मध्ये सरकारने तो प्रश्न मागे घेतला. आयर्लंडमध्ये तो १८६१ पासून विचारला जाऊ लागला. तिथे कॅथलिक किती आणि प्रॉटेस्टंट किती हे लंडनला कळायला हवे होते. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये मात्र पुढची १४० वर्षे तो आला नाही.

प्रस्तुत लेखकाला १८६० चा हा वाद फार मोलाचा वाटतो. 'धर्म म्हणजे काय' या प्रश्नाची दोन उत्तरे त्यात समोरासमोर उभी आहेत. माणूस जे करतो ते धर्म, की माणूस जे म्हणवतो ते धर्म? १८५१ ने पहिले मोजले. २००१ ने दुसरे मोजले, आणि स्वतंत्र पंथीयांनी वर्तवलेला निकालही लागला: इंग्लंड-वेल्समध्ये ७१.७ टक्के ख्रिस्ती. रविवारी चर्चमध्ये दिसणाऱ्या लोकांशी या आकड्याचा मेळ घालू पाहणाऱ्याला तो बसणारच नव्हता. नामस्मरणापुरते ख्रिस्ती आणि नाव लिहिण्यापुरते जेडाय, हे एकाच तक्त्यावर शेजारी शेजारी होते. पहिल्यांना कुणी 'खरेच का?' असे विचारले नाही.

हिंदुस्थानात असला संकोच सरकारला कधीच वाटला नाही. १८७२ च्या खानेसुमारीपासून धर्म हा पहिल्या काही रकान्यांपैकी एक. इथे अडचण निराळी होती. साहेबाला हवे होते ते एका शब्दातले उत्तर, आणि पुष्कळ लोकांकडे तसे ते नव्हते. १९११ च्या खानेसुमारीत मुंबई इलाख्याच्या अधीक्षकाने गुजरातेतल्या काही जमातींसाठी 'हिंदू-महंमदी' असा स्वतंत्र रकानाच उघडला, कारण त्यांच्या लग्नात ब्राह्मण येत होता आणि मयताला मुल्ला. तुम्ही कोण, या प्रश्नाला या माणसांनी प्रामाणिक उत्तर दिले होते. खानेसुमारीचे प्रमुख आयुक्त ई. ए. गेट यांना ते रुचले नाही. अशांना शक्य तितके नीट पाहून या किंवा त्या धर्मात घालायला हवे होते, असे त्यांचे मत. थट्टेखोर जेडाय जिथे 'धर्म नाही'मध्ये ढकलले गेले, तिथे हे प्रामाणिक लोक कुठल्या तरी एकात ढकलले जायला हवे होते. रकान्याची शिस्त दोन्हीकडे तीच.

याच गेट साहेबांनी त्याआधी, १९१० मध्ये, एक परिपत्रक काढले होते. ते आपल्याकडे गाजले आणि गाजायलाच हवे होते. हिंदू म्हणून नोंदल्या जाणाऱ्या कुठल्या जाती खरोखर हिंदू आहेत हे तपासण्यासाठी त्यात दहा कसोट्या दिल्या होत्या. ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व नाकारणारे, ब्राह्मणाकडून किंवा मान्य गुरूकडून मंत्र न घेणारे, वेदांचे प्रामाण्य न मानणारे, मोठ्या हिंदू देवांना न भजणारे, चांगले ब्राह्मण ज्यांचे पौरोहित्य करीत नाहीत असे, ज्यांना ब्राह्मण पुरोहित मुळीच नाहीत असे, ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश नाही असे, ज्यांचा विटाळ होतो असे, मृतांना पुरणारे, आणि गोमांस खाणारे व गाईला पूज्य न मानणारे. मध्य प्रांत आणि वऱ्हाड येथून जी उत्तरे आली ती गेट यांनी अहवालात नोंदवली आहेत. हिंदू गणलेल्यांपैकी पाव लोक ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व आणि वेदांचे प्रामाण्य नाकारीत होते, एकतृतीयांशांना देवळात प्रवेश नव्हता, दोनपंचमांश गोमांस खात होते. आपल्या विदर्भाची ही हकिगत आहे.

परिपत्रक काही निरागस कुतूहलातून निघाले नव्हते. १९०६ साली आगाखान यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळ व्हाइसरॉयला भेटले, १९०९ मध्ये स्वतंत्र मतदारसंघ आले. आता हिंदू किती हे ठरण्यावर जागा किती हे ठरणार होते. त्यामुळे सवर्ण हिंदू पुढाऱ्यांना परिपत्रकात फोडाफोडी दिसली, आणि ती अगदीच नव्हती असे म्हणवत नाही. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात हेच परिपत्रक उलट्या बाजूने वाचले. शंभर टक्के हिंदू कोण आणि जे नाहीत ते कोण, याची अशी छाननी त्यांना उपयोगी वाटली. अस्पृश्यतेचा उगम शोधताना त्यांनी ती पुरावा म्हणून वापरली. ज्याला देवळात घेत नाहीत त्याला संख्येत मात्र घेतात, ही विसंगती सरकारी कागदावर प्रथम अशी उघडी पडली होती.

त्याच १९११ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये मताधिकार मागणाऱ्या स्त्रिया खानेसुमारीवर बहिष्कार घालीत होत्या. मत नाही तर गणती नाही, असे काहींनी तक्त्यावरच लिहिले. एमिली डेव्हिसन त्या रात्री चक्क पार्लमेंटच्या इमारतीतल्या एका कपाटात दडून बसल्या, आणि त्यांची नोंद तिथलीच झाली. जेडायांच्या थट्टेला पूर्वज शोधायचाच असेल तर तो इथे सापडेल. फरक एवढाच की यांना तुरुंग माहीत होता.

असो. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये हा प्रश्न परत आला तो कोणामुळे, हे पाहिले म्हणजे जेडायांच्या आकड्याची दुसरी बाजू दिसते. १९७६ च्या वंशसंबंध कायद्याने वंशावरून भेदभावाला बंदी केली होती, धर्मावरून नव्हे. १९८३ मध्ये पगडी घालणाऱ्या एका शीख मुलाला शाळेने प्रवेश नाकारल्याचे प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि शीख हा वांशिक समूह ठरला. ज्यूंना ते संरक्षण मिळतच होते. मुसलमान अनेक वंशांचे. त्यांना या वाटेने जाता येत नव्हते. ते कागदावर पाकिस्तानी होते, बांगलादेशी होते, सोमाली होते. मुसलमान म्हणून ते कागदावर नव्हतेच. म्हणून ब्रिटनमधल्या मुस्लिम संघटनांनी जनगणनेत धर्माचा प्रश्न यावा यासाठी नेटाने पाठपुरावा केला. इतर धर्मीयांनीही साथ दिली. जुना कायदा बदलून २००० साली दुरुस्ती झाली, आणि उत्तर न दिल्यास दंड नाही अशी तजवीज केवळ या एका प्रश्नासाठी केली गेली. मोजले जावे म्हणून धडपडणाऱ्यांनी मिळवलेल्या रकान्यात मोजले जाण्याची काहीच गरज नसलेल्यांनी आपला विनोद लिहिला. विनोद करणाऱ्यांच्या मनात शिखांचा किंवा ज्यूंचा अपमान नव्हता, हे मान्य. पण दुसऱ्या दिवशी मथळा 'ज्यूंपेक्षा जेडाय अधिक' असाच झाला.

धर्म ठरवण्याचे काम सांख्यिकी खाते टाळू शकते. न्यायालयाला ते टाळता येत नाही. कर, लग्न, देवळात प्रवेश, देणगी, यांतले काहीतरी अडलेले असते म्हणूनच तर माणसे तिथे येतात. इंग्लंडमध्ये १९७० साली सायंटॉलॉजीच्या प्रार्थनागृहाचा खटला लॉर्ड डेनिंग यांच्यापुढे आला. उपासना म्हणजे देवाची किंवा परमतत्त्वाची भक्ती, असे त्यांनी म्हटले. आणि मग बौद्धांचे काय, हे लक्षात येऊन त्यांना अपवाद म्हणून मोकळे सोडले. अडीच हजार वर्षांची परंपरा एका नियमाचा अपवाद होऊन बसली, तेव्हाच नियमात खोट आहे हे कळायला हवे होते. ते कळायला २०१३ उजाडले. त्या वर्षी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जुना निर्णय फिरवला. धर्माला देव लागतोच असे नाही; विश्वातले माणसाचे स्थान आणि अनंताशी त्याचे नाते सांगणारी, त्यानुसार कसे जगावे हे शिकवणारी, समूहाने स्वीकारलेली आध्यात्मिक श्रद्धा पुरेशी आहे, असे लॉर्ड टुलसन यांनी लिहिले. ऑस्ट्रेलियाचे उच्च न्यायालय त्याच पंथाच्या करमाफीच्या खटल्यात १९८३ मध्येच पुढे गेले होते. अलौकिक सत्ता, वस्तू किंवा तत्त्व यांवर श्रद्धा आणि त्यातून येणारे आचारनियम, हे असले की धर्म झाला. संस्थापक ढोंगी असला तरी अनुयायांचा धर्म त्यामुळे खोटा ठरत नाही, असे दोघा न्यायमूर्तींनी स्पष्ट केले.

ही व्याख्या हाती घेऊन जेडायांकडे पाहिले तर ते आत येतात की बाहेर राहतात? थट्टा करणाऱ्यांच्या पुढे हा प्रश्न नव्हताच. पण काही थोडे लोक खरोखरच संघटित झाले होते आणि त्यांच्यातल्या 'टेंपल ऑफ द जेडाय ऑर्डर' या संस्थेने इंग्लंडच्या धर्मादाय आयोगाकडे नोंदणी मागितली. डिसेंबर २०१६ मध्ये आयोगाने ती नाकारली. २०११ च्या धर्मादाय कायद्यात अनेक देव मानणारे किंवा एकही देव न मानणारे धर्मही समाविष्ट होते. तेव्हा देव नाही ही अडचण नव्हती. अडचण अशी सांगितली गेली, की 'फोर्स'वरची श्रद्धा आध्यात्मिक आहेच असे या संस्थेत ठरलेले नाही. कुणी ती तशी मानतो, कुणी निव्वळ जगण्याची पद्धत म्हणून. एकसंधपणाही पुरेसा नाही. निर्णय बहुधा बरोबर असेल. पण तीच मोजपट्टी २००१ च्या ७१.७ टक्क्यांना लावली असती तर त्यांतले किती टिकले असते?

आपल्याकडच्या न्यायालयांनाही हे कोडे सुटलेले नाही. स्वामिनारायण संप्रदायातल्या काहींनी १९४८ साली दावा लावला, की आपण हिंदू नाही, म्हणून हरिजनांना मंदिरप्रवेश देणारा कायदा आपल्या मंदिरांना लागू होत नाही. देऊळ बंद ठेवण्यासाठी धर्माबाहेर पडण्याचा हा खटाटोप सर्वोच्च न्यायालयात १९६६ मध्ये संपला. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी निकालात हिंदूची व्याख्या शोधताना आधार घेतला तो लोकमान्य टिळकांचा: वेदांविषयी आदर, साधनांची अनेकता आणि उपास्याचा अनियम. ही व्याख्या इतकी ऐसपैस आहे की सत्संगी बाहेर राहूच शकत नव्हते, देऊळ उघडले. मात्र तिचे पहिले पद गेट यांच्या तिसऱ्या कसोटीजवळ किती सरकते, हे कुणाच्या ध्यानात आले असेल का?

आपल्या जनगणनेत थट्टा का होत नाही, याचे एक साधे कारण कागदाचे आहे. ब्रिटनमध्ये तक्ता माणूस घरच्या घरी स्वतःच भरतो. आपल्याकडे प्रगणक दारात येतो. बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी किंवा बाई असतात, उन्हातान्हात हिंडून आलेल्या. त्यांच्या तोंडावर 'आमचा धर्म जेडाय' असे सांगणे कुणाला सुचेल? पण खरे कारण याहून खोल आहे. इथे त्या रकान्यातल्या शब्दाची किंमत मोजावी लागते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. जगाच्या जनगणनांच्या इतिहासात एका रकान्यातली अशी उडी विरळा. आणि ती मारणाऱ्यांना ठाऊक होते, की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ मध्ये त्यांत शीख आले, बौद्ध यायला १९९० उजाडले. 'बौद्ध' हा शब्द प्रगणकाकडून लिहवून घेणे म्हणजे केंद्राच्या सवलतींवर पाणी सोडण्याची तयारी ठेवणे. तरी लाखोंनी तो लिहवला. जुनी जात लिहू नका, शाई पुसू देऊ नका, हे आग्रह वस्त्यावस्त्यांतून उगीच धरले गेले नाहीत.

'काहीच नाही' असे लिहिणेही आपल्याकडे सोपे नाही. महाराष्ट्रात काही जणांनी शासकीय राजपत्रात आपली नोंद 'कोणताही धर्म नाही' अशी करून मागितली. येशूवर आमची श्रद्धा आहे पण ख्रिस्ती धर्म आम्ही मानत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शासकीय मुद्रणालयाने नकार दिला. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की पंचविसाव्या अनुच्छेदातले सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य म्हणजे धर्म नाही असे म्हणण्याचेही स्वातंत्र्य, आणि धर्म सांगण्याची सक्ती राज्याला करता येणार नाही. श्रद्धा आहे पण धर्म नाही, हे उत्तर गेट साहेबांनी कुठल्या रकान्यात घातले असते कोण जाणे.

ब्रिटनमधली थट्टा मात्र ओसरली. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये जेडाय १,७६,६३२ उरले. एका मासिकाच्या आवाहनावरून ६,२४२ जणांनी 'हेवी मेटल' हा आपला धर्म असल्याचे कळवले, तेवढीच करमणूक. मानवतावादी संघटनांनी त्या वेळी उघड प्रचार केला, की धर्म नसेल तर गंमत करू नका, सरळ 'नाही' म्हणा. नाहीतर तुमचे मत हवेत जाते. २०२१ मध्ये जेडाय १,६०० च्या आसपास राहिले. त्याच वीस वर्षांत 'धर्म नाही' म्हणणारे १४.८ टक्क्यांवरून ३७.२ टक्क्यांवर गेले आणि ख्रिस्ती ४६.२ टक्क्यांवर आले. सरळ सांगण्यात काही गैर वाटेनासे झाले तेव्हा आडून सांगण्याची गरज उरली नसावी. अर्थात हसून हसून विनोद शिळा झाला, एवढेही कारण पुरेल.

भारतात २०२१ ची जनगणना लांबली. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकात देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन आहे, आणि माहिती स्वतः संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर भरण्याची सोयही प्रथमच जाहीर झाली आहे.

२०११ च्या आपल्या प्रपत्रात धर्मासाठी सहा क्रमांक होते: हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, जैन. बाकीच्यांनी नाव लिहून द्यायचे आणि अंतिम कोष्टकात 'अन्य धर्म व पंथ' या गाठोड्यात जायचे. त्या गाठोड्यात १० लाख २६ हजार लोकांनी गोंडी धर्माचे नाव दिले होते. आणि ४९,५७,४६७ लोकांनी, मुख्यतः झारखंड आणि आसपासच्या राज्यांतल्या आदिवासींनी, 'सरना' असे लिहवले होते. सरना म्हणजे सालवृक्षांची देवराई. तिथे त्यांची उपासना चालते. झारखंडच्या विधानसभेने ११ नोव्हेंबर २०२० रोजी एकमताने ठराव करून जनगणनेत सरनासाठी स्वतंत्र क्रमांक मागितला. २००१ च्या त्या ई-पत्रात १० हजार माणसे पुरतील असे लिहिले होते. २०११ मध्ये स्वतंत्र क्रमांक असलेल्या जैनांची देशातली संख्या ४४,५१,७५३ होती, सरनाहून पाच लाखांनी कमी.